‘जाता येते’ म्हणजे ‘गेले होते’ का?

विज्ञानात प्रयोग करता येतो, इतिहासात करता येत नाही, असे आपण वर्गात नेहमी सांगतो. पाण्यात मीठ विरघळते की नाही हे पुन्हा पुन्हा करून पाहता येते. पानिपतची लढाई पुन्हा लढता येत नाही. हे बरोबरच आहे. तरीही विसाव्या शतकात काही माणसांनी इतिहासातल्या एका प्रश्नावर चक्क प्रयोग केला. त्यासाठी त्यांनी जीव धोक्यात घालून पॅसिफिक महासागर तराफ्यावरून ओलांडला. त्या प्रवासावर २०१२ साली नॉर्वेमध्ये एक कथापट निघाला. नाव ‘कॉन-टिकी’. योआकिम रॉनिंग आणि एस्पेन सँडबर्ग या दोघांनी तो दिग्दर्शित केला. परदेशी भाषेतील चित्रपटांच्या ऑस्कर पुरस्कारासाठी त्याला नामांकनही मिळाले होते.

हा चित्रपट मोठ्या मुलांना जरूर दाखवावा असे आम्हांला वाटते. चित्रपट संपल्यावर मुले हमखास एक निष्कर्ष काढतात : ‘म्हणजे त्या शास्त्रज्ञाचे म्हणणे खरे ठरले!’ खरा तास येथून सुरू होतो, कारण त्याचे म्हणणे खरे ठरले नव्हते. मग सिद्ध काय झाले? आणि आज आपल्याकडे अजिंठ्याच्या चित्रावरून बांधलेले जहाज समुद्र ओलांडून गेले आहे, त्याने काय सिद्ध झाले? या लेखात आपण हेच पाहू या.

सिद्धांत काय होता?

पॅसिफिक महासागराच्या मध्यावर हजारो लहान बेटे विखुरलेली आहेत. उत्तरेला हवाई, नैऋत्येला न्यूझीलंड आणि पूर्वेला ईस्टर बेट अशा त्रिकोणात येणाऱ्या बेटांना पॉलिनेशिया म्हणतात. युरोपीय खलाशी तिथे पोहोचले तेव्हा जवळजवळ प्रत्येक राहण्याजोग्या बेटावर माणसे होती, आणि ती एकमेकांशी मिळत्याजुळत्या भाषा बोलत होती. ही माणसे तिथे आली कोठून?

नॉर्वेचा थॉर हेयरडाल (१९१४–२००२) हा प्राणिशास्त्र आणि भूगोल शिकलेला तरुण १९३७ साली पत्नीसह फातु हिवा या मार्केसस गटातल्या बेटावर राहायला गेला. तिथे त्याने पाहिले, की वारा आणि लाटा सतत पूर्वेकडून येतात. पूर्वेला हजारो किलोमीटरवर दक्षिण अमेरिका. बेटावरच्या दगडी मूर्ती त्याला अमेरिकेतल्या मूर्तींसारख्या वाटल्या. शिवाय बेटांवर रताळे पिकत होते, आणि रताळे हे मूळचे अमेरिकेचे पीक. यावरून त्याने तर्क केला, की पॉलिनेशियातले पहिले लोक आशियातून आले नसून दक्षिण अमेरिकेतून वाऱ्याबरोबर तराफ्यांवर आले असावेत. पेरूमधल्या दंतकथेतला सूर्यपुरुष कॉन-टिकी आणि बेटांवरचा आदिपुरुष टिकी हे एकच, असेही त्याने मांडले.

या सिद्धांताची एक बाजू चित्रपटात फारशी येत नाही, ती शिक्षकांनी सांगायला हवी. हेयरडालच्या कल्पनेतले हे आद्य प्रवासी गोरे आणि दाढीवाले होते. पेरूतल्या मोठ्या वास्तू आणि बेटांवरच्या मूर्ती अशाच लोकांनी घडवल्या असे त्याला वाटत होते. म्हणजे स्थानिकांची कर्तबगारी एका काल्पनिक परक्या समूहाच्या नावावर टाकली जात होती. याला पुरावा काहीच नव्हता.

तज्ज्ञांनी सिद्धांत नाकारला. त्यांच्या आक्षेपांतला एक साधा होता : त्या काळच्या दक्षिण अमेरिकेत फळ्यांची जहाजे नव्हती, होते ते बाल्सा लाकडाचे तराफे. बाल्सा पाणी शोषते. असा तराफा काही आठवड्यांत बुडेल. या आक्षेपाला हेयरडालने कागदावर उत्तर दिले नाही, त्याने तराफाच बांधला.

एकशे एक दिवस

इक्वेडोरच्या जंगलातून बाल्साचे नऊ मोठे ओंडके तोडून आणले गेले. सर्वांत लांब ओंडका साधारण चौदा मीटरचा होता. ते अंबाडीच्या जातीच्या दोरांनी एकमेकांना बांधले. खिळा नाही, तार नाही. वर बांबूची झोपडी, एक चौकोनी शीड आणि मागे लांब वल्ह्याचे सुकाणू. बरोबर पाच सोबती : एरिक हेसेलबर्ग, बेंग्ट डॅनिएल्सन, क्नुट हाउगलांड, टॉर्स्टाइन रॉबी आणि हेर्मान वाट्झिंगर. डॅनिएल्सन स्वीडनचा, बाकीचे नॉर्वेचे. दर्यावर्दीपणाचा खरा अनुभव होता तो फक्त हेसेलबर्गला. स्वतः हेयरडालला लहानपणापासून पाण्याची भीती होती.

२८ एप्रिल १९४७ रोजी पेरूच्या कायाओ बंदरातून तराफा निघाला. किनाऱ्याजवळच्या गर्दीतून आणि गुंतागुंतीच्या प्रवाहांतून बाहेर काढण्यासाठी एका बोटीने तो सुमारे पन्नास सागरी मैल ओढत नेला. त्यापुढे वारा आणि प्रवाह. १०१ दिवसांनी, ७ ऑगस्ट १९४७ रोजी, सुमारे ६,९०० किलोमीटर अंतर कापून तराफा तुआमोटू द्वीपसमूहातल्या रारोइया येथील प्रवाळ-खडकावर आदळला. सहाही जण जिवंत होते.

येथे थोडे विज्ञान आहे. बाल्सा बुडला नाही तो का? ओंडके ताजे, ओले तोडलेले होते. त्यांच्यातल्या चिकाने समुद्राच्या पाण्याला आत शिरायला अडथळा केला. वाळवलेले बाल्सा अधिक हलके असते खरे, पण तेच पाणी लवकर पिते. दोर घासून तुटतील हीही भीती होती. प्रत्यक्षात मऊ लाकडात दोर रुतून बसले आणि लाकडानेच त्यांचे रक्षण केले. खिळ्यांनी किंवा तारेने जखडलेला तराफा लाटांच्या ताणाने कदाचित फाटला असता. दोरांनी बांधलेला तराफा प्रत्येक लाटेबरोबर थोडा वाकत, थोडा सैल होत गेला. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे अजिंठ्याच्या जहाजापाशी ती पुन्हा येणार आहे.

प्रवासात चित्रीकरण केले होते. त्यावरचा माहितीपट १९५० साली निघाला आणि त्याला ऑस्कर मिळाले. हेयरडालचे पुस्तक जगातल्या अनेक भाषांत गेले.

चित्रपटात काय बदलले?

२०१२ चा कथापट या खऱ्या घटनेवर बेतलेला आहे, पण तो कथापट आहे. सहा शहाण्या माणसांनी १०१ दिवस गुण्यागोविंदाने काढले, एवढ्यावर दोन तासांचे नाट्य उभे राहत नाही. म्हणून नाट्यासाठी एका माणसाला भित्रा करावे लागले. चित्रपटातला वाट्झिंगर जाडजूड, गोंधळलेला, दोर तुटतील म्हणून घाबरणारा आहे. खरा वाट्झिंगर अंगापिंडाने मजबूत, खेळाडू, शीतकरण तंत्राचा अभियंता होता. हवामानाच्या नोंदी तोच ठेवत असे. या चित्रणाबद्दल नॉर्वेमध्ये तक्रारी झाल्या, त्याच्या कुटुंबीयांनीही नापसंती दाखवली. तराफ्यावरचा पोपट प्रत्यक्षात एका मोठ्या लाटेबरोबर वाहून गेला होता. चित्रपटात त्याला शार्क खातो, आणि मग शार्कवर सूड उगवला जातो. उलट, वाट्झिंगर पाण्यात पडला आणि हाउगलांडने दोरी घेऊन उडी मारून त्याला वाचवले, ही चित्रपटातली अविश्वसनीय वाटणारी घटना खरी आहे.

मुलांना येथे एक चांगला अभ्यास देता येतो. चित्रपटातले दहा प्रसंग लिहायचे आणि ‘घडले असेल’ व ‘रचले असेल’ असे वेगळे करायचे. मग पुस्तकातून किंवा माहितीपटातून पडताळायचे. आपला अंदाज किती वेळा चुकतो हे पाहण्यासारखे असते.

परंतु चित्रपटाची मोठी अडचण पोपटात नाही, शेवटात आहे. तराफा किनाऱ्याला लागतो, संगीत वर चढते, आणि प्रेक्षकाच्या मनात नकळत ठसते, की किनारा लागला म्हणजे सिद्धांत जिंकला.

चिखलीचा दाखला

हा तर्क कोठे घसरतो हे समुद्रापासून दूर, आपल्या ओळखीच्या गावात पाहू. पिंपरी-चिंचवडच्या उत्तरेला इंद्रायणीकाठी चिखली आहे. १९९७ साली महापालिकेत येईपर्यंत ते शेतीचे गाव होते. आज भोसरी, तळवडे, चाकणच्या कारखान्यांत कामाला जाणारी हजारो कुटुंबे तिथे राहतात. कोणी लातूर-बीडकडचे, कोणी विदर्भ-खानदेशातले, कोणी उत्तर प्रदेश-बिहारचे.

आता कल्पना करा, की हजार वर्षांनंतर एखादा संशोधक म्हणाला, ‘लातूरचे लोक चिखलीला पायी आले असावेत.’ दुसरा म्हणाला, ‘छे, एवढे अंतर चालणे अशक्य.’ मग पहिल्याने सहा मित्र जमवले आणि सव्वातीनशे किलोमीटर चालून दाखवले. टाळ्या झाल्या. यातून काय सिद्ध झाले? लातूरहून चिखलीला चालत येता येते, एवढेच. देहू-आळंदीच्या परिसरात हे कोणाला सांगायलाही नको, वारकरी दरवर्षी पंढरपूरपर्यंत चालतातच. पण म्हणून लातूरकर चिखलीला चालत आले असे होत नाही. ते एसटीने आले, रेल्वेने आले, टेम्पोत संसार टाकून आले. चालण्याच्या प्रयोगाने फक्त ‘अशक्य’ हा आक्षेप दूर झाला.

कॉन-टिकीचे नेमके तेच झाले. ‘बाल्साचा तराफा एवढे अंतर टिकणार नाही’ हा आक्षेप खोटा ठरला. हे यश लहान नाही. तज्ज्ञ एका मुद्द्यावर चुकले होते आणि एका धाडसी माणसाने ते दाखवून दिले. पण ‘जाता येते’ आणि ‘गेले होते’ ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिल्यासाठी एक यशस्वी प्रवास पुरतो. दुसऱ्यासाठी जाणाऱ्यांनी मागे ठेवलेल्या खुणा लागतात.

आणि प्रयोग म्हणून पाहिले तरी त्याच्या अटी तपासाव्या लागतात. तराफा बोटीने ओढत नेला होता. तराफ्यावर रेडिओ होता, डबाबंद अन्न होते. पश्चिमेला कोठेतरी बेटे आहेत हे सहाही जणांना ठाऊक होते. पहिल्या प्रवाशांना यातले काही नव्हते. प्रयोगात कोणती परिस्थिती तीच ठेवली आणि कोणती बदलली, हा प्रश्न प्रयोगशाळेतल्या परीक्षानळीला विचारतो तसाच तराफ्यालाही विचारला पाहिजे.

उलट दिशेचा पुरावा

खुणा कोणत्या होत्या? पहिली खूण भाषेची. ‘पाच’ या अर्थी मलाय भाषेत लिमा, फिलिपिन्सच्या टागालोगमध्ये लिमा, हवाईत लिमा, न्यूझीलंडच्या माओरीत रिमा आणि आफ्रिकेजवळच्या मादागास्कर बेटावर दिमी. मादागास्करपासून हवाईपर्यंत अर्ध्या पृथ्वीवर पसरलेले हे एकच भाषाकुल आहे आणि त्याचे मूळ तैवानच्या बाजूला जाते, पेरूकडे नाही. दुसरी खूण खापरांची. लापिता नावाची नक्षीदार मातीची भांडी न्यू गिनीजवळच्या बेटांपासून टोंगा-सामोआपर्यंत सापडतात. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी लोक पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत गेले असे ती सांगतात. पूर्वेकडची बेटे त्यानंतर बऱ्याच काळाने, साधारण इ.स. १००० ते १३०० या काळात वसली. तिसरी खूण डुक्कर, कोंबडी, केळी आणि अळू यांची. हे सारे आशियाच्या बाजूचे.

पण मग वारा? वारा तर पूर्वेकडून येतो. वाऱ्याविरुद्ध माणसे हजारो किलोमीटर पूर्वेला कशी जातील? यावर न्यूझीलंडच्या अँड्र्यू शार्प यांनी १९५६ साली मांडले, की दूरची बेटे भरकटलेल्या होड्यांमुळे योगायोगाने वसली. म्हणजे हेयरडाल पॉलिनेशियन लोकांना त्यांच्या मूळ भूमीचे श्रेय देत नव्हता आणि शार्प त्यांच्या नौकानयनाचे.

१९७३ साली लेव्हिसन, वॉर्ड आणि वेब यांनी संगणकाला वारे आणि प्रवाह यांच्या नोंदी दिल्या आणि हजारो काल्पनिक होड्या भरकटू दिल्या. उत्तर स्पष्ट आले. नुसते भरकटत जाऊन हवाई, न्यूझीलंड किंवा ईस्टर बेट गाठण्याची शक्यता जवळजवळ शून्य होती. तिथे पोहोचायचे तर ठरवून, दिशा धरून जायला हवे. शिवाय पूर्वेकडून येणारे वारे वर्षभर सारखे नसतात. दक्षिण गोलार्धातल्या उन्हाळ्यात अधूनमधून पश्चिमेचे वारे सुटतात, एल निनोच्या वर्षांत ते अधिक काळ टिकतात. वाट पाहणाऱ्या खलाशाला पूर्वेला जाण्याची संधी मिळते, आणि जमीन नाही सापडली तर नेहमीचा वारा त्याला घरी परत आणतो.

त्यानंतर प्रत्यक्ष प्रवास झाला. हवाईमध्ये जुन्या पद्धतीची, दोन अंगांची होड ‘होकुलेआ’ बांधली गेली. मायक्रोनेशियातल्या सातावाल बेटाचे माऊ पिआइलुग हे परंपरेने शिकलेले वाटाडे तिला घेऊन १ मे १९७६ रोजी निघाले आणि ४ जून १९७६ रोजी ताहितीच्या पापेएटे बंदरात पोहोचले. सुमारे चार हजार किलोमीटर. होकायंत्र नाही, नकाशा नाही. ताऱ्यांचे उगवण्या-मावळण्याचे बिंदू, लाटांची दिशा आणि पक्षी एवढीच साधने. हवाईमध्ये हा वारसा जवळजवळ विसरला गेला होता. त्या प्रवासानंतर तेथील तरुण पुन्हा ती विद्या शिकू लागले.

अर्थात होकुलेआनेही फक्त ‘जाता येते’ हेच दाखवले. पण येथे भाषा, खापरे, पिके आणि प्राणी यांच्या खुणा आधीच त्याच बाजूने बोलत होत्या. प्रवासाने त्या साखळीतली तुटलेली कडी जोडली. कॉन-टिकीच्या बाबतीत मात्र कडी होती आणि साखळी नव्हती.

रताळे आणि जनुके

तरी एक काटा राहिलाच होता. तो रताळ्याचा. आपण उपवासाला खातो ते रताळे भारतात युरोपीयांच्या जहाजांमुळे आले. पॉलिनेशियात मात्र ते युरोपीय पोहोचण्याच्या आधीपासून पिकत होते. तिथे त्याला कुमारा म्हणतात आणि पेरू-इक्वेडोरकडच्या काही बोलींतही तशाच नावाची नोंद आहे.

याचे उत्तर जनुकशास्त्राने दिले. दोन समूहांत विवाह झाले, की पुढच्या पिढीत दोघांच्या डीएनएचे मोठमोठे सलग तुकडे असतात. दर पिढीला ते तुटत, मिसळत जातात. लाल पानांचा एक पत्त्यांचा जोड काळ्या पानांच्या जोडावर ठेवून पिसत जावे, तसे. एकदा पिसले तर लाल पानांचे लांब पट्टे दिसतात, वीस वेळा पिसले तर अगदी लहान. तुकड्यांच्या लांबीवरून मिश्रण किती पिढ्यांपूर्वी झाले याचा अंदाज करता येतो.

२०२० साली ‘नेचर’ या नियतकालिकात अलेक्झांडर इओआनिडिस आणि सहकाऱ्यांनी आठशेहून अधिक माणसांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पूर्व पॉलिनेशियातल्या बेटांवरच्या लोकांत मूळ अमेरिकन वंशाचा अंश सापडला. तो कोलंबियातल्या झेनू लोकांशी सर्वाधिक जुळणारा होता आणि मिश्रणाचा काळ इ.स. १२०० च्या आसपासचा. सर्वांत जुनी खूण दक्षिण मार्केससमध्ये मिळाली, जिथे हेयरडाल १९३७ साली राहिला होता, तेच फातु हिवा. २०२४ साली ईस्टर बेटावरच्या पंधरा प्राचीन व्यक्तींच्या जनुकांचा अभ्यासही प्रसिद्ध झाला. त्यातही सुमारे दहा टक्के अमेरिकन अंश दिसला, आणि तो युरोपीय पोहोचण्याच्या बराच आधीचा.

म्हणजे हेयरडाल बरोबर होता का? त्याने दोन विधाने केली होती. ‘अमेरिका आणि पॉलिनेशिया यांचा प्राचीन संपर्क होता’ हे विधान टिकले. ‘पॉलिनेशिया अमेरिकेतून वसला’ हे पडले. संपर्क नेमका कोणी साधला हा प्रश्न अजून खुला आहे. अमेरिकन तराफा बेटांवर गेला असेल, किंवा पॉलिनेशियन होडी अमेरिकेला जाऊन माणसे आणि रताळी घेऊन परतली असेल. वाऱ्याला उलटे जाऊन घरी परतू शकणारे खलाशी कोण होते हे पाहता बऱ्याच अभ्यासकांचा कल दुसऱ्या शक्यतेकडे आहे.

अजिंठ्याचे जहाज

आता घरी येऊ. अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, इ.स. पाचव्या शतकातले एक जहाज रंगवलेले आहे. तीन डोलकाठ्या, बाजूला सुकाणूची वल्ही, नाळेवर डोळा आणि डेकवर मडक्यांची रांग. हा प्रसंग शूर्पारकाच्या पूर्णाच्या कथेतला मानला जातो. शूर्पारक म्हणजे आजचे नालासोपारा. तिथला स्तूप पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली उकरून काढला होता.

या चित्राच्या आधारे एक जहाज बांधायचे ठरले. जुलै २०२३ मध्ये केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालय, भारतीय नौदल आणि गोव्याची होडी इनोव्हेशन्स ही संस्था यांच्यात करार झाला. केरळचे कारागीर बाबू शंकरन यांच्या देखरेखीखाली फळ्या एकमेकींना काथ्याच्या दोरीने शिवल्या गेल्या. खिळे मारले नाहीत. पाण्यातल्या वर्तनाच्या चाचण्या आयआयटी मद्रासमध्ये झाल्या. २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ‘कौंडिण्य’ या नावाने ते नौदलात आले. २९ डिसेंबर २०२५ रोजी पोरबंदरहून ते निघाले आणि जानेवारी २०२६ च्या मध्यास ओमानच्या मस्कतला पोहोचले. इंजिन नाही, शिडांवर.

कौंडिण्य हा आग्नेय आशियात जाऊन तेथील नागकन्या सोमा हिच्याशी विवाह करणारा दर्यावर्दी. व्हिएतनाममधल्या मी सन येथील इ.स. ६५८ च्या शिलालेखात ही कथा आली आहे. म्हणजे याही जहाजाच्या नावामागे एक स्थलांतराची कथा आहे.

या प्रवासाने काय दाखवले? सुमारे वीस मीटर लांबीचे शिवलेले जहाज उघड्या समुद्रात टिकते, चौकोनी शिडांवर चालवता येते. शिवण लाटेबरोबर किंचित लवते, जसे कॉन-टिकीचे दोर लवत होते. शिवाय शिवण्याची विद्या हातांत राहिली, हा लाभ कोणत्याही सिद्धांतापेक्षा कमी नाही.

आणि काय दाखवले नाही? अजिंठा समुद्रापासून सुमारे तीनशे किलोमीटर दूर आहे. चित्रकाराने जहाज स्वतः पाहिले होते की ऐकून काढले, हे चित्र सांगत नाही. पाण्याखालचा भाग चित्रात नाही, तो आजच्या अभियंत्यांनी ठरवला. म्हणून ‘पाचव्या शतकातले जहाज असेच होते’ असे आपण म्हणू शकत नाही, ‘असे असू शकेल’ एवढेच म्हणू शकतो.

शिवलेली जहाजे खरोखर दूर जात होती याचा पुरावा वेगळ्या ठिकाणी आहे, समुद्राच्या तळाशी. १९९८ साली इंडोनेशियाच्या बेलितुंग बेटाजवळ नवव्या शतकातले एक बुडालेले जहाज सापडले. त्याच्या फळ्या शिवलेल्या होत्या आणि पोटात सुमारे साठ हजार चिनी भांडी होती. पश्चिम हिंदी महासागरातली बांधणी आणि चीनचा माल. टिम सेव्हरिन यांनी १९८०–८१ मध्ये ‘सोहार’ हे शिवलेले जहाज मस्कतहून चीनच्या ग्वांगझोऊपर्यंत नेले होते. तेव्हा ते ‘जाता येते’ होते. बेलितुंगच्या भांड्यांनी ‘गेले होते’ हे सांगितले.

नवगावचा किनारा

काही प्रश्नांवर जहाज बांधून उपयोगच नसतो. बेने इस्रायल समाजाची परंपरा सांगते, की त्यांच्या पूर्वजांचे जहाज अलिबागजवळ नवगावला फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. कोकणात तेल गाळण्याचा व्यवसाय करणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. लाल समुद्राकडून कोकणात जहाज येऊ शकते याबद्दल कोणाला शंका नाही, दोन हजार वर्षांपूर्वी ती येतच होती. प्रश्न होता तो हे लोक खरोखर तिकडून आले का, एवढाच. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात या समाजात मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा आणि भारतीयांचा असा दोन्हीकडचा वारसा स्पष्ट दिसला. मिश्रण सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचे होते. परंपरेचा गाभा टिकला. मात्र मिश्रणाची ही तारीख म्हणजे आगमनाची तारीख नव्हे. आधी आलेले लोक अनेक पिढ्या आपापसांतच विवाह करत राहिलेले असू शकतात. येथेही पुराव्याने जेवढे सांगितले तेवढेच घ्यायचे.

वर्गात काय करता येईल?

पहिला उपक्रम लाकडाचा. पांगारा, आंबा, साग आणि बांबू यांचे सारख्या आकाराचे तुकडे घ्यावेत, प्रत्येकी एक ओला आणि एक वाळलेला. मिठाच्या पाण्यात ठेवून रोज पुसून वजन करावे. महिनाभराचा आलेख काढावा. कोणते लाकूड किती दिवसांनी बुडायला लागते? सर्व लाकडांत ओला तुकडा कमी पाणी पितो, की हे बाल्साचेच वैशिष्ट्य? उत्तर आधी सांगू नये.

दुसरा उपक्रम स्थलांतराचा. चिखलीसारख्या वस्तीतल्या वर्गात हा सोन्यासारखा जमतो. प्रत्येक मुलाने घरात विचारावे : आजी-आजोबा कोठले? कुलदैवत कोणते, तुळजापूर, जेजुरी, माहूर की आणखी काही? घरात कोणते शब्द बोलतात जे शेजारी बोलत नाहीत? सणाला काय शिजते? मग नावे झाकून कागद आपापसांत बदलावेत आणि फक्त खुणांवरून घराणे कोठून आले हे ओळखायचा प्रयत्न करावा. एका खुणेवरून केलेला अंदाज किती वेळा चुकतो आणि चार खुणा एका दिशेने बोलू लागल्या की तो किती क्वचित चुकतो, हे मुलांना स्वतः कळते. आपल्या आजीचे शब्द हाही इतिहासाचा पुरावा आहे, हेही कळते. काही मुलांना घरची हकीकत सांगायची नसते. त्यांना आग्रह करू नये.

तिसरा उपक्रम वाक्यांचा. वर्तमानपत्रांतून प्राचीन काळाबद्दलची विधाने जमवावीत आणि फळ्यावर तीन रकाने करावेत : ‘शक्य आहे’, ‘संभवनीय आहे’, ‘घडले आहे’. प्रत्येक विधान कोणत्या रकान्यात बसते आणि पुढच्या रकान्यात न्यायला कोणता पुरावा लागेल, यावर चर्चा करावी.

हा तिसरा उपक्रम आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपल्या पूर्वजांनी समुद्र ओलांडले हे ऐकायला कोणाला आवडणार नाही? आवडते म्हणूनच तेथे अधिक सावध राहावे लागते. हेयरडाल कष्टाळू होता, धाडसी होता, प्रामाणिकपणे झटत होता. तरी मनात धरलेल्या कल्पनेच्या प्रेमापोटी त्याने पश्चिमेकडून बोलणाऱ्या साऱ्या खुणा बाजूला सारल्या, आणि ज्यांनी खरोखर महासागर ओलांडला त्यांचे श्रेय दुसऱ्यांना देऊ केले. आपला अभिमान रास्त असेल, तर त्याला पुराव्याची भीती वाटण्याचे कारण नाही. सोपाऱ्याच्या बंदरातून जहाजे खरोखरच जात होती. ती कशी होती, कोठवर गेली आणि कोणाला घेऊन गेली, हे शोधणारे विद्यार्थी आपल्या वर्गांतून पुढे यायला हवेत.